फ्रिजला फीत नाही

रेमेदियोसच्या घरातून असुंताच्या घरात फ्रिज न्यायचा तर मध्ये फक्त एक गल्ली. पण ती गल्ली एल आल्तोमधली, बोलिव्हियातल्या त्या डोंगरमाथ्यावरच्या गार शहरातली. म्हणजे अंगावर येणारा उतार, मधोमध सांडपाण्याची चर, आणि चरीच्या कडेला कायम एखादं कुत्रं आडवं पसरलेलं. दोघी बायकांनी फ्रिजखाली पोतं सरकवलं, पोत्याची दोन टोकं धरली आणि ओढायला लागल्या. घेरदार घागरे कमरेला खोचलेले, वेण्या पाठीवर हेलकावे खाताहेत, डोक्यावरच्या गोल टोप्या मात्र जागच्या हलायला तयार नाहीत.

"हळू गं बाई," रेमेदियोस म्हणाली. "लेकीनं परदेशातून पैसे पाठवून घेऊन दिलेला आहे. तुझ्या कर्जापायी त्याला काही झालं तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"रोज बसतेसच की."

"रोज गप्पांना बसते. तेव्हा रडायला बसेन."

घरातून निघण्याआधी रेमेदियोसनं एक गोष्ट आठवणीनं केली होती. कार्निव्हल होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्या वस्तीनं आपापल्या वस्तूंना शिंपण घातलं होतं, म्हणजे आधी धरणीमायला चार थेंब दारू, मग चुलीला, दाराला, गाडीला, ज्याचं जे असेल त्याला. वर फुलांच्या पाकळ्या आणि रंगीत कागदी फिती. या फिती आपण होऊन काढायच्या नसतात. वर्षभरात गळतील तेव्हा गळतील. फ्रिजच्या मुठीला बांधलेली पिवळी-हिरवी फीत रेमेदियोसनं हलक्या हातानं सोडवली, तिची गुंडाळी केली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"फ्रिज ने, पण फीत नाही मिळायची. फीत दुसऱ्याच्या हाती गेली तर माझं वर्ष गेलं."

"मला काय करायचीय तुझी फीत? तिच्याबरोबर तुझी सांधेदुखी यायची माझ्याकडे."

एवढं बोलून दोघी कामाला लागल्या. आत रेमेदियोसच्या पलंगावर रजयांचा हा मोठा डोंगर होता. एकटी राहणारी बाई इतक्या रजया कशाला काढून बसली आहे, असं असुंताच्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं. डोक्यात टपरी होती, बाकी कशालाच जागा नव्हती.

टपरीची गोष्ट अशी. असुंता वीसएक वर्षं केबलकारच्या स्थानकाबाहेर हातगाड्यावर आपी विकत होती. जांभळ्या मक्याची, दालचिनी घातलेली दाट गरम आपी, आणि सोबत चीज भरलेली, वर साखर भुरभुरलेली टम्म फुगलेली पुरी. पहाटेच्या गारठ्यात खाली ला पाझला कामावर जाणारी माणसं तो पेला आधी दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहायची आणि मग प्यायची. पण बाजारसंघानं आता ठरवलं होतं की ईस्टरनंतर त्या कोपऱ्यावर हातगाडे नकोत. ज्याची पक्की टपरी आहे त्यानंच बसायचं. कोपऱ्यावरची एकुलती एक टपरी प्रिमितिवा आजीची होती, आणि आजीचे गुडघे तिला सांगत होते की आता खाली युंगासच्या खोऱ्यातल्या उबेत लेकीकडे जा.

"तुलाच द्यायची आहे मला," आजी म्हणाली होती. "पण शनिवारपर्यंतच थांबते. तो कोंबडी तळणारा रोज रोख रक्कम घेऊन येतो आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. इतकी चौकशी करणारा माणूस वाईटच."

अर्धे पैसे असुंतानं साठवलेले होते. उरलेल्या अर्ध्यांसाठी तिनं पतसंस्थेत अर्ज केला. तिथल्या निल्दा पोमा नावाच्या कर्जअधिकारी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, कर्ज बिनतारण आहे, काही गहाण ठेवायचं नाही. गुरुवारी दुपारी मी घर बघायला येईन, तेवढं दोघंही घरी असा.

एवढं साधं बोलणं. पण त्यानं घरात काय घोळ घातला ते बघा.

"गहाण काही नाही, मग घर कशाला बघायचंय त्यांना?" इलारियोन म्हणाला. असुंताचा नवरा. ब्रास बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, वाजवायचा. जत्रा-उत्सवांच्या महिन्यांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि बाकीच्या महिन्यांत श्वास घेण्याखेरीज दुसरं काही काम नसे.

"बघतील, माणसं कशी आहेत. खाऊनपिऊन बरी आहेत की रिकामीच. रिकाम्या घराला कोण पैसे देणार?"

"आमच्या बँडमधल्या नाझारियोच्या मेव्हण्याकडे असाच एक जण आला होता. घरभर हिंडला, सगळं लिहून घेतलं. हप्ता चुकला आणि शिलाईमशीन गेली. बायको अजून रडते."

"तो सावकार होता. ही पतसंस्था आहे."

"लिहिणारा हात दोघांचा सारखाच."

असुंता हसली. तिनं हसायला नको होतं, त्याच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली होती, आणि स्टुलावर घोंगडी पांघरून त्याची ट्यूबा बसली होती.

या ट्यूबेला असुंता सवत म्हणायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती घरात आली आणि सगळ्यात उबदार कोपरा पटकावून बसली. तिच्यासाठी मऊ फडकं वेगळं, तिला पुसायची वेळ वेगळी, पावसात असुंता भिजली तरी चालेल पण ती भिजता कामा नये. "तिच्या गळ्यात गळा घालून तू दिवसभर फुंकतोस, मला कधी एवढं जवळ घेतलंस?" असं ती चारचौघांत म्हणायची आणि इलारियोन कानापर्यंत लाल व्हायचा. पण शिंपणाच्या मंगळवारी, चुलीच्याही आधी, आपीच्या पातेल्याच्याही आधी, पहिली फीत असुंता आपल्या हातानं घालायची ती या सवतीलाच. का, असं विचारलंत तर म्हणायची, आली मागाहून, पण मान थोरलीचा.

तर असं हे जोडपं. एकाच फोनवरून बायकोनं ठरवलं की घर भरलेलं दिसलं पाहिजे, आणि नवऱ्यानं ठरवलं की घर रिकामं दिसलं पाहिजे. एकमेकांना सांगावं, असं दोघांनाही वाटलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात समोरचा काय म्हणेल हे इतकं पाठ झालेलं असतं की विचारायचा कंटाळा येतो.

फ्रिज घरात आला. असुंतानं तो ओल्या फडक्यानं असा लख्ख पुसला की त्यात टोपीसुद्धा दिसावी. आत चीज ठेवलं, दोन कांदे ठेवले, आपीचा एक तांब्या ठेवला. एल आल्तोत फ्रिज म्हणजे तसा दिमाखच. इथे खिडकी उघडी टाकली की झालं. पण लेकानं किंवा लेकीनं फ्रिज घेऊन दिला म्हणजे घर वर आलं, असं माणसं समजतात, आणि माणसं समजतात ते पतसंस्थेलाही समजत असणार, असा असुंताचा हिशोब.

दुपारी इलारियोन बँडचा निळा कोट घालून, केस चापून बसवून घरी आला आणि दारातच थबकला.

"हे काय?"

"फ्रिज."

"कुणाचा?"

"आपला. आज संध्याकाळपर्यंत आपला. तू फक्त मान हलव, बोलू नकोस."

त्यानं फ्रिजकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

निल्दा पोमा ठेंगणीशी, तिशी-पस्तिशीची बाई होती. पाठीवर पिशवी, बुटांना अर्ध्या शहराचा चिखल. असुंतानं पुढे केलेली आपी तिनं दोन्ही हातांनी घेतली, पुरी मोडून खाल्ली, बोटांना लागलेली साखर चाटली आणि मग पिशवीतून कागद काढला. असुंताला ती आवडली. खाताना लाजत नाही ते माणूस बरं असतं.

"गॅसची शेगडी कधीची?"

"गाडा सुरू केला तेव्हाची. एक बर्नर बदललाय."

निल्दानं लिहिलं. शेगडीच्या पायाला लाल फीत होती. गॅसच्या टाकीच्या गळ्यात पांढरी फीत होती. आपीच्या मोठ्या पातेल्याच्या दोन्ही कानांत फिती होत्या, आणि लहानशा टीव्हीवर तर फितीबरोबर वाळलेल्या पाकळ्याही चिकटलेल्या होत्या. निल्दा एकेक बघत फ्रिजपाशी आली आणि उभी राहिली.

"हा कधी घेतला?"

"झाली दोन वर्षं," असुंता म्हणाली.

"एक वर्ष," त्याच क्षणी इलारियोन म्हणाला. त्याला मान हलवायला सांगितलं होतं, पण बायकोला एकटं कसं सोडायचं?

"म्हणजे घेतला दोन वर्षांपूर्वी," असुंता म्हणाली, "पण वापरतोय एक वर्ष."

"अस्सं. आणि याला शिंपण नाही घातलं?"

आत्ता असुंताला रेमेदियोसचा खिसा आठवला. अख्ख्या घरात लाटण्यालासुद्धा फीत होती आणि सगळ्यात महागडी वस्तू नवऱ्या मुलासारखी स्वच्छ, कोरडी उभी होती.

"गळून पडली असेल. कागदाचा काय भरवसा."

"माझ्या आईकडे मिक्सरला बांधलेली मागच्या वर्षीची फीत अजून आहे," निल्दा म्हणाली. तिनं फ्रिजच्या मुठीवरून बोट फिरवलं. कागदाचा कणही नव्हता. तिनं काही लिहिलं नाही, आणि ते न लिहिणंच असुंताला जास्त लागलं.

"आणि त्या कोपऱ्यात काय आहे?"

असुंताला हायसं वाटलं. देव अगदीच निर्दय नाही. इथे तरी खरं, स्वतःचं, शिंपण घातलेलं काहीतरी होतं. घोंगडीवर तिनं स्वतः घातलेल्या दोन फिती होत्या, एक जांभळी आणि एक सोनेरी.

"ती ना? ती माझी सवत. बघाच तुम्ही. सगळ्या वस्तीत हिच्यासारखी नाही."

"असुंता," इलारियोन म्हणाला, "राहू दे."

"का राहू दे? लाजतोस काय?" म्हणत तिनं घोंगडी ओढली.

स्टुलावर कपडे धुवायचा टब पालथा घातलेला होता. टबावर बादली होती. बादलीवर, गोलाई बरोबर दिसावी म्हणून, असुंताची जुनी टोपी होती.

बाहेर गल्लीत कुत्रं भुंकलं. निल्दानं आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, आणि कागदाची घडी घातली.

"असुंताबाई, जिथं फिती आहेत तिथं वस्तू नाही, आणि जी वस्तू आहे तिला फीत नाही. मी काय लिहू?"

असुंताला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती नवऱ्याकडे बघत होती.

"विकलीस?"

इलारियोननं मान खाली घातली. त्यानं स्वतःची टोपी उचलली आणि दाराबाहेर गेला.

निल्दानं पिशवी जवळ ओढली, पण ती उठली नाही. जरा आवाज उतरवून म्हणाली, "एक विचारू? वाजवणारी माणसं... ते पितात का फार?"

"माझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते मी बोलेन," असुंता म्हणाली. "तुम्ही नाही. तुम्ही माझी आपी प्यायलीत, म्हणून सरळ सांगते. तो जत्रेत पितो, सगळे पितात तेवढी. घरी येतो तेव्हा ट्यूबा त्याच्या खांद्यावर असते, तो ट्यूबेच्या खांद्यावर नसतो."

असुंतानं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती चिडली होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"फ्रिज शेजारणीचा आहे. सकाळी ओढून आणला. मला वाटलं, घरात काही नाही असं दिसलं तर तुम्ही दाराबाहेरूनच परत जाल. झाकली मूठ ठेवायला गेले आणि मूठच उसनी निघाली. ट्यूबेचं मला माहीत नाही. पण एक सांगते, त्यानं ती विकली असेल तर दारूसाठी नाही विकली. माझे अर्धे पैसे कमी पडतात म्हणून विकली असेल. आणि तसं असेल तर मला तुमचं कर्ज नको, ती टपरीही नको. आजीला सांगेन, दे त्या कोंबडीवाल्याला. मी दुसरा कोपरा शोधेन. पण घरी आल्यावर तो कोपरा रिकामा बघत बसणं मला जमायचं नाही."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण खरंच तसंच करू. त्याचं तिला नवल वाटलं. पंधरा दिवस ती झोपेतही त्या टपरीची फळी पुसत होती.

तेवढ्यात दारातला उजेड गेला. दारभर पितळ दिसलं, भलंमोठं, गोल, उन्हात झगझगणारं. पितळाच्या मागून इलारियोन आत आला आणि इलारियोनच्या मागून रेमेदियोस, धापा टाकत, हातात एक रजई तशीच धरून.

"मला काही बोलू नका," रेमेदियोस आल्या आल्या म्हणाली. "ही म्हणाली, इलारियोनला सांगू नकोस. हा त्याच्याही आधी पहाटे येऊन म्हणाला, असुंताला सांगू नकोस. दोघांनी मला शपथ घातली. एकाची वस्तू माझ्या पलंगावर रजयांखाली, दुसरीच्या घरात माझी वस्तू. सकाळपासून माझं पोट फुगलंय."

इलारियोननं ट्यूबा निल्दाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. इतकी हळू, की तळाचा आवाजही झाला नाही.

"लिहा बाईसाहेब," तो म्हणाला. "विकली नाही. लपवली होती. मला वाटलं, तुम्ही लिहाल आणि एखादा हप्ता मागं राहिला की हिला घेऊन जाल. चोराच्या मनात चांदणं. पण असुंताची टपरी जाणार असेल तर लिहा. न्यायची वेळ आली तर न्या. फक्त नेताना उभी न्या, आडवी टाकू नका, तिच्या झडपा वाकतात."

त्यानं ते असं सांगितलं, जसं कुणी लेकीला सासरी पाठवताना तिच्या आवडीनिवडी सांगावं. असुंतानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

निल्दानं घडी घातलेला कागद परत उलगडला.

"मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं? बिनतारण. तारण नाही म्हणजे काही न्यायचं नाही. आणि ज्याच्यावर माणूस पोट भरतो ते हत्यार तर कोर्टालाही नेता येत नाही."

"मग बघता कशाला?" इलारियोननं विचारलं.

"आम्ही बघतो, खोटं कशाला बोलू. घरात काही आहे की नाही, असेल तर किती वर्षं टिकवलंय, हे बघतोच. पण कर्जाचा आकडा त्यावर ठरत नाही. असुंताबाई, या आठवड्यात मी पहाटे तुमच्या गाड्यावर येत होते. लोकरीची टोपी, गळ्यात मफलर. तुम्ही मला ओळखलं नाहीत."

"पहाटे सगळी गिऱ्हाइकं तशीच दिसतात."

"किती माणसं येतात ते मी बघितलं. एका म्हाताऱ्याकडे सुटे नव्हते, त्याला तुम्ही उद्या दे म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं न मागता दिले, तेही बघितलं. मलाही रोज वर अर्धा पेला जास्त घातलात, ओळख ना पाळख. माझं कर्ज त्या पातेल्याला आहे. ते तेव्हाच ठरलं होतं. फ्रिज असता म्हणून एक बोलिव्हियानो वाढला नसता, ट्यूबा नसती म्हणून एक कमी झाला नसता. घरी मी येते ते वस्तू बघायला कमी, आणि माणसं वस्तूंबद्दल काय सांगतात ते ऐकायला जास्त. आणि तुम्ही दोघांनी मिळून मला असं काही ऐकवलंत की मी उठून जाणार होते."

"मग का नाही गेलात?" रेमेदियोसनं विचारलं. तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

"यांना दुसरी पुरी आहे का विचारायचं होतं."

असुंतानं दुसरी पुरी आणून दिली, तिसरीही दिली.

निल्दानं फ्रिज यादीत घेतलाच नाही. शेगडी, टाकी, पातेलं, टीव्ही जागच्या जागी ठेवले. मग पेन ट्यूबेकडे वळवलं.

"ही कुणाच्या नावावर लिहू?"

"तिच्या," इलारियोन म्हणाला.

"माझ्या?" असुंता म्हणाली. "फुंकतोस तू आणि नाव माझं? सवत माझ्या नावावर? लोक हसतील."

"हसू देत. बाईसाहेब, खरं ते सांगतो. ट्यूबा घेतली तेव्हा अर्धे पैसे हिनं दिले होते, पुऱ्या तळून. उरलेले अर्धे मी द्यायचे होते. ते माझ्याकडे नव्हते, म्हणून तेही मी हिच्याकडूनच उसने घेतले. अजून द्यायचेत."

निल्दाचं पेन थांबलं. तिनं असुंताकडे पाहिलं. आता तिच्या चेहऱ्यावर पतसंस्था नव्हती, नुसती उत्सुकता होती.

"म्हणजे बिनतारण."

"बिनतारणच की."

"मग तुम्ही तेव्हा काय बघितलं होतं यांच्याकडे?"

"याच्याकडे बघायला होतं काय?" असुंता म्हणाली. "आमच्याकडे मागणी घालायला आला तेव्हा अंगावर एक झकास कोट होता. माझ्या वडिलांचे डोळेच दिपले. म्हणाले, मुलगा बरा दिसतो. आणि हा काय म्हणाला असेल? अजून चहासुद्धा आला नव्हता. म्हणाला, काका, कोट माझा नाही, नाझारियोचा आहे, सहा वाजता परत द्यायचाय."

रेमेदियोस रजईत तोंड खुपसून हसली. इलारियोन कानापर्यंत लाल झाला. निल्दा हसली नाही. तिनं मान खाली घालून कागदावर लिहिलं: ट्यूबा, पितळी, एक, मालक असुंता. मग सहीची जागा दाखवली आणि म्हणाली, उद्या येऊन पैसे घेऊन जा, शनिवार चुकायला नको. टपरीवरच्या आजी पहाटे लंगडताना दिसतात, त्यांना सांगा, गुडघ्यांना शेक द्यायला.

ती गेल्यावर घरात तिघं जण आणि एक फ्रिज उरला.

"आता हा चढावर ओढायचाय," रेमेदियोस म्हणाली. "येताना उतार होता." तिनं खिशातून पिवळ्या-हिरव्या फितीची गुंडाळी काढून बघितली, शाबूत आहे अशी खात्री केली आणि परत ठेवली. "घरी गेल्यावर बांधेन. इथे नाही."

इलारियोननं ट्यूबा उचलून पुन्हा स्टुलावर बसवली. टब, बादली आणि टोपी असुंतानं आधीच पायानं बाजूला सारली होती. खाली पडलेल्या घोंगडीवरून तिनं दोन्ही फिती सोडवल्या. जांभळी ट्यूबेच्या गळ्यात घातली. सोनेरी हातातच राहिली. मग ती नवऱ्यासमोर गेली, टाचा उंच केल्या आणि ती फीत त्याच्या निळ्या कोटाच्या कॉलरभोवती गुंडाळून पुढे तिची गाठ मारली, चुलीला मारतात तशीच, दोन वेढ्यांची.

"हे काय? मी काय फ्रिज आहे?"

"फ्रिज लोकांचा आहे," असुंता म्हणाली. "चल, पोतं धर."

त्यानं पोत्याचं टोक धरलं. गल्लीतलं कुत्रं उठून बाजूला झालं, आणि गळ्यात सोनेरी फीत घातलेला माणूस शेजारणीचा फ्रिज चढावर ओढू लागला.